आरशासमोरचे वाक्य आणि खिशातली चुन्याची डबी

गेल्या अंकात याच सदरात स्वयंसूचनांविषयी एक छोटा प्रश्न घेतला होता. 'मी शांत आहे', 'मी समर्थ आहे' अशी सकारात्मक वाक्ये रोज ठरवून स्वतःशी म्हटली, तर नेणिवेत रुजलेल्या सवयी आणि समजुती बदलतात का, असे एका वाचकाने विचारले होते आणि जागेअभावी मला चार ओळींतच उत्तर आटोपावे लागले होते. त्या चार ओळींवर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते. एका कार्यशाळेत सांगितल्याप्रमाणे गेले तीन महिने रोज सकाळी आरशासमोर उभी राहून 'मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे, मी सर्वांना आवडते' ही वाक्ये एकवीस वेळा म्हणते. सुरुवातीला उत्साह वाटला. आता मात्र वाक्य म्हणताना आतून कोणीतरी 'खोटं बोलतेस' असे म्हणते आणि कामाला निघताना मी पूर्वीपेक्षा जास्त खचलेली असते. कार्यशाळा घेणाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, की तुमची श्रद्धा कमी पडते. ताई, माझे नेमके काय चुकते आहे? (वय ३६, नाशिक)

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही, आणि श्रद्धा कमी पडली हे उत्तर मला अन्यायाचे वाटते. गुण आला तर श्रेय उपायाचे आणि नाही आला तर दोष माणसाचा, असा हिशेब जिथे मांडला जातो, तिथे आधी तो उपायच तपासून पाहिला पाहिजे.

तुम्हाला आलेला अनुभव संशोधकांना प्रयोगातही आढळला आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना 'माझ्यावर लोकांनी प्रेम करावे अशीच मी आहे' या अर्थाचे वाक्य ठरावीक वेळाने मनाशी म्हणायला सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते, त्यांना त्याने थोडे बरे वाटले. ज्यांचे मत आधीच खालावलेले होते, त्यांची मनःस्थिती मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्या त्यांच्यासारख्याच इतरांपेक्षा अधिक वाईट झाली. ज्यांना या औषधाची गरज सर्वांत जास्त होती, त्यांनाच ते बाधले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. स्वतःविषयीची समजूत मनात एकटी राहत नाही, तिच्यामागे साक्षीदारांची रांग उभी असते. शाळेत उत्तर चुकल्यावर पिकलेला हशा, लग्नसमारंभात एखाद्या नातेवाइकाने सहज टाकलेला शब्द, मुलाखतीतून आलेला नकार, असे वर्षानुवर्षांचे पुरावे तिने जपून ठेवलेले असतात. 'मी सर्वांना आवडते' असे तुम्ही म्हटल्याबरोबर मन त्यातल्या एकेका साक्षीदाराला बोलावू लागते. एकवीस वेळा वाक्य म्हणणे म्हणजे मग एकवीस वेळा उलटतपासणी होणे, आणि ती संपवून तुम्ही कामाला निघता.

स्वयंसूचनेची पद्धत जगभर लोकप्रिय करणारा एमील कुए (१८५७–१९२६) हा फ्रान्समधला एक औषधविक्रेता होता. नान्सी शहरात त्याच्याकडे येणाऱ्या लोकांना तो सकाळी उठताना आणि रात्री झोपताना एक वाक्य वीस वेळा पुटपुटायला सांगे, आणि मोजण्यात लक्ष जाऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हाती देई. आपल्याला लगेच जपमाळ आठवते. त्याच्या वाक्याचा अर्थ असा होता, की दिवसेंदिवस सर्व बाजूंनी मी अधिकाधिक बरा होत आहे. त्यातल्या 'होत आहे' या क्रियापदाकडे माझे लक्ष नेहमी जाते. 'मी बरा आहे' असा दावा तो करायला लावत नव्हता. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली, तर जिंकते ती कल्पनाच, हेही तो आवर्जून सांगत असे. मनातले चित्र एक आणि तोंडातले वाक्य दुसरे असेल, तर कितीही जोर लावून म्हटले तरी चित्रच वरचढ ठरणार.

म्हणून वाक्य बदलून पाहू. स्वतःविषयी असाच न्यूनगंड असलेल्या एका शिक्षिका माझ्याकडे येत असत. आम्ही दोघी एक कोरा कागद घेऊन बसलो. पहिले वाक्य त्यांनी लिहिले, 'मी निर्भय आहे.' ते मोठ्याने वाचताना त्यांचे खांदे कानांपर्यंत वर गेले, म्हणून ते खोडले. 'मी हळूहळू निर्भय होत आहे' हे वाचताना त्या कसनुशा हसल्या, तेही खोडले. चारपाच वाक्ये अशीच गेल्यावर कागदावर एक वाक्य आले : 'बोलायला उभी राहिले की माझा आवाज कापतो, आणि मागच्या पालकसभेत कापऱ्या आवाजातच मी माझे म्हणणे पूर्ण केले.' ते वाचताना खांदे आपोआप खाली आले आणि अडकलेला श्वास सुटला. त्या वाक्यावर मनाला काही हरकत घेता येत नव्हती, कारण पालकसभा झाली होती आणि त्या बोलल्या होत्या.

तुम्हीही महिनाभर आरसा बाजूला ठेवा. रात्री वहीत त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट एका ओळीत लिहा. काउंटरवर आवाज चढवणाऱ्या खातेदाराला तुम्ही शांतपणे पासबुकातली नोंद दाखवली असेल, तर तेवढेच लिहा, विशेषणे लावू नका. पंधरा दिवसांनी त्या ओळींमधूनच तुमचे वाक्य तयार करा. ते मोठ्याने वाचताना अंग आक्रसले, तर वाक्य अजून मोठे आहे असे समजून ते लहान करा.

आणखी एक सुचवते. स्वतःला धीर देताना 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःचे नाव घेऊन बोलून पाहा. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असे दाखवले, की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी ज्यांनी स्वतःला नावाने हाक मारून समजावले, त्यांना 'मी, मला' असे म्हणत विचार करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला आणि त्यांचे भाषणही अधिक चांगले झाले. मनाचे श्लोक पाठ करत वाढलेल्या घरांत ही रीत अनोळखी वाटू नये. रामदासांच्या त्या २०५ श्लोकांत ठिकठिकाणी मनालाच 'मना' अशी हाक आहे. समोर बसलेल्या आणि समजावले तर समजेल अशा माणसाशी बोलावे, तसे ते बोलणे आहे.

प्रश्न : मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. चाळीस वर्षांची तंबाखूची सवय आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा आल्यामुळे डॉक्टरांनी ताकीद दिली आहे. मुलीने 'मी तंबाखूमुक्त आहे' असे वाक्य मोबाइलमध्ये भरून दिले असून मी ते सकाळ-संध्याकाळ ऐकतो. लिहायला लाज वाटते, पण ते ऐकता ऐकताच मी तळहातावर तंबाखू मळत असतो. हात माझे ऐकत नाही. (वय ६१, सोलापूर जिल्हा)

उत्तर : सर्वांत आधी त्या चट्ट्याविषयी. डॉक्टरांनी तपासणीसाठी पुन्हा बोलावले असेल, तर तो दिवस चुकवू नका आणि तुकडा काढून तपासायला सांगितले असेल, तर टाळू नका. असे काही चट्टे पुढे कर्करोगाकडे वळतात आणि वेळेवर पाहिले तर उपाय करता येतो. हे काम कुठल्याही वाक्यावर सोपवता येणार नाही.

आपण लाज वाटून घेऊ नये. 'हात माझे ऐकत नाही' या आपल्या चार शब्दांत सवयीचे सारे मर्म आले आहे. मराठीत एखादी गोष्ट अंगवळणी पडली असे आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरे आहे. आपल्या मळण्याकडे एकदा त्रयस्थासारखे पाहा. उजवा हात खिशात जातो, पुडी बाहेर येते, डाव्या तळहातावर चिमूट पडते, डबीतला चुना नखाच्या टोकावर येतो, अंगठा फिरू लागतो, दोन थापट्या बसतात, भुकटी उडते आणि गोळी ओठाच्या आत जाते. यातल्या कोणत्या पायरीवर 'खाऊ का नको' असा विचार मनात आला? बहुधा कोणत्याच नाही. हजारो वेळा गिरवल्यामुळे ही सगळी साखळी एका खुणेवर सुरू होते आणि शेवटपर्यंत आपली आपण चालते. मोबाइलमधले वाक्य विचार करणाऱ्या मनाला उद्देशून आहे आणि मळण्याचे काम त्या मनाला न विचारता होते, म्हणून दोन्ही एकाच वेळी सुखाने चालू राहतात.

यावर एक गमतीदार वाटणारा पण फार उपयोगी प्रयोग आहे. अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहातील प्रेक्षकांना काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, जरी ते त्यांना आवडले नव्हते. पण ज्या हाताने एरवी खात नाहीत त्या हाताने खायला सांगितल्याबरोबर सवय मोडली आणि शिळे कमी खाल्ले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी तंबाखू सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण त्यातून करण्याजोगे काही हाती लागते. पुडी आणि चुन्याची डबी एकत्र ठेवू नका. डबी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर जाऊ द्या आणि पुडी दुसऱ्या खोलीत. मळायचेच झाले, तर उजव्या तळहातावर डाव्या अंगठ्याने मळा. हात अडखळेल, आणि त्या अडखळण्यातच क्षणभर आपण जागे व्हाल.

पहिले तीन दिवस काही सोडू नका, फक्त कधी मळता ते कागदावर टिपा. चहानंतर, जेवणानंतर, बसची वाट पाहताना, पारावर कोणी हात पुढे केला की, अशा पाचसहा खुणा बहुधा निघतील. प्रत्येक खुणेसाठी 'अमुक झाले की मी तमुक करीन' असे वाक्य बांधा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा वाक्यांवर आयुष्यभर काम केले आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा वेळ, जागा आणि कृती आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ठरवलेली गोष्ट बरीच जास्त वेळा पार पडते, असे दिसले. चाळीस वर्षांच्या सवयीवर याचा परिणाम हळू होईल, पण होईल. आपली वाक्ये साधारण अशी असू शकतात : 'चहाचा कप खाली ठेवला की मी उठून चूळ भरीन आणि बडीशेप तोंडात टाकीन.' 'पारावर कोणी पुडी पुढे केली की मी दोन्ही हात जोडून, डॉक्टरांनी बंद केलंय, असे म्हणेन.' बडीशेपेच्या जागी सुपारी मात्र नको, कारण सुपारीही कर्करोगाला कारण होते.

ही वाक्ये नुसती म्हणू नका, तालीम करा. खरा कप हातात घ्या, खाली ठेवा, उठा, मोरीपर्यंत जा, चूळ भरा. दिवसातून पाच वेळा रिकामा कप घेऊन हे केलेत, तर घरचे हसतील, त्यांना हसू द्या. मुलीने भरून दिलेले वाक्य पुसून तिच्याच आवाजात ही 'झाले की करीन' वाक्ये भरून घ्या आणि ती चहाच्या आधी ऐका, म्हणजे तिची माया योग्य क्षणी कामी येईल.

एवढे करूनही निकोटिनची शारीरिक ओढ उरतेच. चिडचिड होणे, झोप न लागणे, लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो. तल्लफेची एक लाट साधारण काही मिनिटांचीच असते. डॉक्टरांना विचारून निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम घेता येते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील जवळपास चारांतील एक प्रौढ व्यक्ती खाण्याची तंबाखू घेते. पारावर पुढे येणारे हात इतक्यात थांबणार नाहीत, म्हणून हात जोडण्याच्या वाक्याची तालीम सर्वांत जास्त करा. एखाद्या दिवशी गोळी तोंडात गेलीच, तर त्या दिवशी कोणती खूण आपण धरली नव्हती एवढे कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

प्रश्न : आजी लहानपणापासून सांगे, की वास्तुपुरुष सतत तथास्तु म्हणत असतो, म्हणून वाईट बोलू नये. आता सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाहिल्यापासून वाईट विचार आला तरी भीती वाटते. बाबा गाडी घेऊन निघाले की अपघाताचा विचार येतो, मग मी 'कॅन्सल, कॅन्सल' असे म्हणते, तेही ठरावीक वेळा. सुप्त मनाला 'नाही' हा शब्द कळत नाही हे खरे आहे का? (वय २३, पुणे)

उत्तर : आजीच्या सांगण्यात माया होती. तिन्हीसांजेला घरात अभद्र बोलू नये, भांडू नये, 'शुभ बोल' असे मोठ्यांनी म्हणावे, यामुळे घराचे वातावरण सौम्य राहत असे. पण आजीचे सांगणे तोंडाने बोलण्यापुरते होते. मनात आलेल्या विचारालाही तथास्तु मिळतो, अशी भीती त्यात नव्हती, ती नंतर कोणीतरी जोडली आहे आणि तिने तुमच्यासारख्या कितीतरी तरुण मुलामुलींना विनाकारण छळले आहे.

तुम्ही विचार केल्यामुळे बाबांच्या गाडीला काहीही होत नाही. नकोसे विचार सगळ्यांच्याच मनात येतात, अगदी आपल्या लाडक्या माणसांविषयीही येतात, किंबहुना त्यांच्याविषयी जास्त येतात. सुप्त मनाला 'नाही' कळत नाही हे वाक्य तसेच्या तसे खरे नाही. त्यामागे थोडे तथ्य एवढेच आहे, की एखादा विचार टाळायचा म्हटला, तर तो टळला की नाही हे पाहण्यासाठी मनाला तोच पुन्हा शोधावा लागतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून पाहिले, तर अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिले, आणि नंतर विचार करायला मोकळीक दिल्यावर तर आधी न दडपलेल्यांपेक्षा जास्त वेळा आले. तुमचे 'कॅन्सल' हेच करते आहे. अपघाताचा विचार येईल तेव्हा त्याला येऊ द्या, 'हा विचार आहे' एवढे म्हणा आणि हातातले काम चालू ठेवा. सुरुवातीला धडधड वाढेल, मग आपोआप उतरेल.

'कॅन्सल' ठरावीक वेळा म्हणता, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात दिवसाचा बराच वेळ जात असेल किंवा इतर कृतीही मोजून कराव्या लागत असतील, तर हा मंत्रचळाचा, म्हणजे नकोसा विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे (ओसीडी), असा त्रास असू शकतो. तो बरा होणारा आजार आहे आणि त्यावर स्वयंसूचना हा उपाय नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोवर कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

प्रश्न : झोपेत कानाला हेडफोन लावून स्वयंसूचना ऐकल्या तर त्या थेट नेणिवेत जातात का? आणि २१ दिवसांत सवय लागते हे खरे का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : झोपेत ऐकू नका, झोपच घ्या, अभ्यास लक्षात राहण्यासाठी तिची गरज जास्त आहे. ऐकू न येतील अशा सूचना संगीताखाली दडवलेल्या ध्वनिफिती अमेरिकेत एके काळी फार खपत. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली त्यांची परीक्षा घेतली. काही लोकांना आत्मविश्वासाची फीत स्मरणशक्तीचे लेबल लावून दिली आणि काहींना उलट. काही आठवड्यांनी अनेकांना वाटले, की लेबलावर जे लिहिले होते त्यातच आपली सुधारणा झाली आहे, प्रत्यक्ष चाचणीत मात्र फितीचा परिणाम दिसला नाही.

२१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० साली लिहिले आणि पुढे 'किमान' हा शब्द गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे मागोवा घेतला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून कोणी वही मिटू नये.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. 'मला गणित येतच नाही' हे त्याच्या मनात पक्के बसले आहे. मी त्याला रोज संध्याकाळी देवापुढे 'मी हुशार आहे, मला गणित आवडते' असे म्हणायला लावते. तो वैतागतो. (रत्नागिरी)

उत्तर : त्याला म्हणायला लावू नका. शुभंकरोतीच्या वेळेवर तरी गणिताची सावली पडू नये. त्याला गणित आवडत नाही हे त्याला ठाऊक आहे आणि त्याच्या आईलाही ठाऊक आहे, मग देवासमोर उलटे का म्हणायचे, हा त्याचा वैताग प्रामाणिक आहे.

हे वाक्य त्याच्या कानी पहिल्यांदा कुठे पडले, ते आठवून पाहा. 'आमच्याकडे गणित कोणालाच जमलं नाही' असे आपण पाहुण्यांसमोर सहज बोलून जातो आणि मूल ते आडनावासारखे उचलते. ते बोलणे आधी घरातून थांबू द्या. मग त्याच्या पातळीच्या थोडे खाली जा. सहावीतली अपूर्णांकांची बेरीज त्याला येते का पाहा आणि तिथून रोज चार उदाहरणे सोडवू द्या. एखादे सुटले, की 'हुशार आहेस' असे म्हणण्याऐवजी 'लसावि काढून छेद समान करून घेतलास, म्हणून सुटले' असे म्हणा. हे वाक्य त्याला खोटे पाडता येणार नाही, आणि पुढच्या उदाहरणात काय करायचे हेही त्यातून त्याला कळेल.

आणखी एक करता येईल, आणि त्यात गणिताचा उल्लेखही नाही. क्लॉड स्टील यांनी १९८८ साली अशी मांडणी केली, की माणसाला एका बाजूने कमीपणा वाटत असेल, तेव्हा आयुष्यातील दुसरे काही मोलाचे आठवल्याने तो सावरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात अमेरिकेतील सातवीच्या मुलांना आपल्याला काय महत्त्वाचे वाटते आणि का, एवढेच वर्गात थोडा वेळ लिहायला दिले होते. ज्या कृष्णवर्णीय मुलांनी असे लिहिले, त्यांच्या त्या सत्रातील गुणांत सुधारणा दिसली. पुढे सगळ्या शाळांत तितका परिणाम आढळला नाही, म्हणून याला जादू समजू नका. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमच्या मुलाने आजोबांबरोबर गरी टाकून मासे धरण्याविषयी किंवा त्याच्या क्रिकेट संघाविषयी मनापासून पानभर लिहिले, तर त्यात गमावण्यासारखे काही नाही. ते पान तपासू नका आणि त्यातले शुद्धलेखनही सुधारू नका.

प्रश्न : माझ्या पतींना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन दिवसांच्या शिबिराहून आल्यापासून 'माझी प्रत्येक पेशी निरोगी आहे' असे ते दिवसभर म्हणतात आणि गोळ्या बंद केल्या आहेत. 'गोळी घेणे म्हणजे आजार मान्य करणे' असे त्यांना शिकवले आहे. मी विरोध केला, की मी नकारात्मक आहे असे म्हणतात. (ठाणे)

उत्तर : तुम्ही नकारात्मक नाही. गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे आणि ते थांबवण्यासाठी तुम्ही धडपडता आहात. रक्तातील साखर वाक्य ऐकून कमी होत नाही, आणि ती वाढलेली असताना माणसाला बरेच दिवस काही जाणवतही नाही. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा मात्र त्या काळात झिजत असतात. औषधे सोडून द्या असे एमील कुएही सांगत नव्हता, तो तर स्वतः औषधे विकणारा माणूस होता.

त्यांच्याशी वाक्यावरून वाद घालू नका, कारण त्या वाक्याने त्यांना बहुधा नऊ वर्षांत प्रथमच आशा दिली आहे. गोळ्या, पथ्य, सुया आणि सल्ले यांना माणूस किती कंटाळतो, हे घरातल्यांनाही पुरते कळत नाही. 'तुम्ही निरोगी व्हावे असे मलाही वाटते' हे आधी म्हणा, ते खरेच आहे. मग या आठवड्यात त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. ते यायला तयार नसतील, तर तुम्ही एकट्या जाऊन गोळ्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत ते डॉक्टरांना सांगा. फार तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे, उलट्या, ग्लानी यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या.

गोळ्या परत सुरू करायला ते तयार झाले, तर किती आणि कोणत्या ते डॉक्टरांना ठरवू द्या, जुन्या चिठ्ठीवरून स्वतः सुरू करू नका. त्यांना वाक्य हवेच असेल, तर त्यातून काही होईल असे वाक्य द्या : 'सकाळी ताट वाढले, की मी माझ्या शरीरासाठी गोळी घेतो.' गोळ्यांचा डबा ताटाशेजारी, मिठाच्या वाटीजवळ ठेवा. पहिले काही दिवस त्यांनी गोळी हातात घेऊन हे मोठ्याने म्हटले तरी चालेल, आणि तुम्ही समोर बसून ऐकावे.